थोडा मोठाच घेजो!

आमच्या चंद्रपुरात बर्फ बघायचा तर फ्रीज उघडावा लागतो. मे महिन्यात पारा 47 च्या वर जाऊन बसतो, तेव्हा तोही उघडा ठेवावासा वाटतो. अशा गावात गेला आठवडाभर घराघरात चर्चा चालू आहे ती स्कीइंगच्या बुटांची. कारण आमची भाची या हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघाली आहे, आणि 'बूट कसे घ्यायचे?' असं तिने सगळ्यांना एकदमच विचारून टाकलं.

झालं! सल्ल्यांचा पाऊस. काकूंनी सांगितलं, "एक नंबर मोठाच घेजो, दोन मोजे घालता येतील." मामा म्हणाले, "लेडीज सेक्शनमधलाच घे." एका दादांनी तर न विचारता हाताशी असलेला स्वतःचा जुना ट्रेकिंगचा बूट देऊ केला. पुढे कापूस कोंबला की झालं म्हणे!

हे तिन्ही सल्ले प्रेमाचे आहेत आणि माझ्या मते तिन्ही चुकीचे आहेत. नातेवाईक मंडळी हे वाचणार आहेत हे माहीत असूनही लिहिते आहे :-)

'थोडा मोठाच घे' हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. जूनमध्ये शाळेचे बूट घेताना आईचा अंगठा टोकावर दाबून जागा बघायचा, कारण बूट दोन वर्षं पुरवायचा असे. वाढत्या पायाला ते ठीकच. पण वाढ संपलेल्या बाईच्या पायालाही आपण तोच नियम लावतो, आणि तिथे घोटाळा होतो.

स्कीचा बूट हा पाय झाकायचा बूट नाहीच. सायकलला जसं हँडल, तसा स्कीला बूट. नडगी पुढे दाबली, घोटा जरासा वळवला की ते वळण बुटातून स्कीच्या कडेला पोचतं. बूट सैल असेल तर आधी पाय आतल्या आत हलतो, टाच उचलली जाते, मग कुठे स्की ऐकते. तेवढ्यात उतार संपलेला असतो किंवा आपण आडव्या झालेल्या असतो. मग पाय हलू नये म्हणून बकला करकचून आवळायच्या, त्याने रक्त थांबतं, पाय बधिर आणि गार पडतो. आणि दोन मोजे? त्यांच्या सुरकुत्यांचे फोड येतात आणि घामाने उलट थंडी वाजते. पातळ लोकरीची किंवा स्कीची खास एकच जोडी पुरते.

म्हणून भाचीला आधी माप घ्यायला सांगितलं. नंबर नाही, माप. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार द्यायचा आणि सगळ्यात लांब बोटापुढे खूण करायची. दोन्ही पायांचं माप घ्यायचं, कारण ते क्वचितच सारखे भरतात. स्की-बुटाचा आकडा म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी, त्याला मोंडोपॉइंट म्हणतात. पाय साडेतेवीस सेंटिमीटर तर बूट 23.5. इतकं सरळ गणित आपल्या चपलांच्या दुकानात कधी भेटलं आहे का? एक गंमत मात्र लक्षात ठेवायची. बहुतेक कंपन्यांत 23 आणि 23.5 चं बाहेरचं कवच एकच असतं, फरक फक्त आतल्या अस्तरात. पण 23.5 नाही म्हणून दुकानदाराने 24 दिला, तर कवचच बदललं!

खरी परीक्षा पुढे आहे. आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं. दीड सेंटिमीटरच्या आसपास ठीक, दोनच्या वर गेली तर बूट मोठा. मग अस्तर घालून, बकला लावून सरळ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी लागायला हवीत, आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की किंचित मागे सरकायला हवीत. पंधरा-वीस मिनिटं तसंच उभं राहायचं. नव्या बुटाची घट्ट मिठी चालेल, कारण अस्तर वापराने दबतं. पण मुंग्या आल्या किंवा एकाच जागी कळ लागली, की बूट परत. गुलमर्गला भाड्याने घेतानाही हे सगळं करता येतं. रांगेतले मागचे ओरडतील, ओरडू देत.

आता 'लेडीज'चा मुद्दा. बाईचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची छोटी प्रत नव्हे. पंजाच्या मानाने टाच निमुळती असते आणि पोटरीचा भरलेला भाग खालपासून सुरू होतो. म्हणून बायकांच्या चांगल्या स्की-बुटाचा वरचा भाग बुटका आणि वर पसरट असतो, टाचेची खोबण अरुंद असते. हे सगळं असेल तर तो बूट बायकांचा. फक्त जांभळा रंग आणि फुलाफुलांची पट्टी असेल तर त्याचे जादा पैसे का द्यायचे? शिवाय बायकांचे बूट सहसा मऊ बनवतात. आमची भाची उंचीने आणि अंगानेही दणकट आहे. तिने 'लेडीज' पाटी बघून सगळ्यात मऊ बूट उचलला तर तो तिला पेलणार नाही.

त्यातही आपले पाय वेगळे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभर एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, आणि भारतीय पाय युरोपीय-अमेरिकन पायांपेक्षा रुंद निघाले. 'भा' नावाच्या देशी मापाची कल्पना त्यातूनच पुढे आली. ज्यांचं बालपण अनवाणी गेलं त्यांचा पंजा तर आणखी पसरलेला असतो. गडचिरोलीच्या गावातल्या मुलीचे पाय आठवा. तिला बायकांचा बूट पंजात चावतो आणि पुरुषांचा टाचेत निसटतो. तिच्या मापाचा साचा कुणी केलेलाच नाही.

आणि इथे मला ही गोष्ट भाचीच्या सहलीपुरती वाटत नाही. 2018 च्या मे महिन्यात 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. आपल्या उन्हाळ्यात वाढलेले पाय तिथे बर्फात होते. तसल्या थंडीत बूट आवळला तर बोटं गमावायची वेळ येते. तिथे 'चालवून घे' म्हणता येत नाही.

मग इथे का म्हणतो? आपल्या जंगलात रोज कितीतरी बायका पायी फिरतात. वनरक्षक भरतीत महिलांना चार तासांत 16 किलोमीटर चालून दाखवावं लागतं, आणि ती फक्त सुरुवात असते. ताडोबात 20 नोव्हेंबर 2021 ला वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या, तेव्हा त्या व्याघ्रगणनेच्या कामासाठी तीन मदतनिसांसोबत पायीच निघाल्या होत्या. त्या दुर्घटनेचा बुटांशी काही संबंध नाही. पण ही नोकरी किती पायांवर उभी आहे, हे त्या दिवशी शहरातल्या पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. पावसाळ्यात रोवणी करणाऱ्या बायांना साप चावू नये म्हणून गमबूट घाला असं सांगतात. योग्यच आहे. पण पुरुषाच्या मापाचा गमबूट बांधीच्या चिखलात रुतून बसतो आणि पाय तेवढा वर येतो. मग ती बाई बूट धुऱ्यावर काढून ठेवते, आणि आपण म्हणतो, 'यांना सवयच नाही.'

सवयीचा प्रश्न नाही हो, मापाचा आहे. बूट घाऊक येतात तिथे नंबर विचारतात, तोही अनेकदा पुरुषांच्या नंबरांत, आणि लहान पायवालीच्या वाट्याला उरलेला जोड येतो. लांबी आणि पंज्याची रुंदी लिहून घ्यायला एका माणसामागे दोन मिनिटं लागतात. दोन-चार नमुने मागवून बायकांनाच उतारावर, चिखलात चालवून बघायला फार तर एक दिवस. खर्च याहून मोठा नाही. फुकट मिळालेला पण न बसणारा बूट घरात कोपऱ्यात पडतो, तेव्हा वाया गेलेला पैसा कुणी मोजत नाही.

भाचीचं माप आलं आहे, उजवा 24.3, डावा 24.1. काकू अजूनही 26 च घे म्हणताहेत. आम्ही 24.5 वर ठाम आहोत. आणि काकू, रागावू नका, पुढच्या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन येते आहे. तुमच्या टाचा का दुखतात ते एकदा बघूच.