हत्यार मोफत आहे, शिकवणारा उस्ताद हवा

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत संगणक नसलेले दुकान आता विरळाच. लग्नपत्रिका छापणारा, फ्लेक्सवाला, भरतकामाच्या मशीनचा कारखानदार, सुताचा हिशेब ठेवणारी यंत्रमागाची पेढी, सर्वांकडे तो आहे. मात्र त्यात चालणारे सॉफ्टवेअर कुठून आले, हे कोणी कोणाला विचारत नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक आहे. संगणक जोडून देणाऱ्या मुलाने पेन ड्राइव्हवरून कुलूप तोडलेली प्रत टाकून दिली, दोन-तीनशे रुपये घेतले आणि तो गेला.

आम्हीही याच वाटेने गेलो आहोत, तेव्हा नसीहत करण्याचा आव आणत नाही. आमच्या छापखान्यात अशीच एक प्रत होती. रमजान तोंडावर आलेला, सहेरी-इफ्तारच्या टाइमटेबलांची कामे अंगावर, आणि एका सकाळी एकही फाइल उघडेना. पडद्यावर पैशांची मागणी करणारा मजकूर तेवढा होता. तीन वर्षांच्या पत्रिकांचे साचे आणि उधारीची वही त्यात गेली. दुरुस्तीला आलेल्या माणसाने सांगितले की हा किडा त्या फुकटच्या प्रतीबरोबरच आला असावा. फुकट घेतलेली वस्तू आम्हाला सर्वांत महाग पडली.

नुकसान बाजूला ठेवले तरी कायदा आहेच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालयाला शिक्षा कमी करता येते. दुकानदाराला ती सवलत नाही असेच समजावे. आणि ज्यांना रोजी हलाल असण्याची फिकीर आहे त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात लेखन, शोध आणि व्यापारचिन्हांचे हक्क शरीयतच्या दृष्टीने मालमत्ताच आहेत, त्यांवर अतिक्रमण करता येत नाही, असा ठराव केला आहे. वजनात मापटे मारणे ज्याला हराम वाटते त्याने या बाबतीत डोळेझाक का करावी?

यातून सुटण्याचा मार्ग जुनाच आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या चळवळीतून आणि १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहायला घेतलेल्या लिनक्समधून ओपन सोर्स म्हणजे मुक्त प्रणालींचे मोठे झाड वाढले. वापरा, वाटा, आतला मजकूर पाहा, हवा तसा बदला, अशी तिच्या मालकांचीच लेखी परवानगी असते. चित्र आणि पत्रिकेसाठी इंकस्केप, फोटोसाठी गिंप, पानाच्या मांडणीसाठी स्क्रायबस, पत्रव्यवहार व हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस. भरतकामवाल्यांसाठी तर इंकस्केपला जोडायचे इंक-स्टिच आहे. नक्षी काढली की तिचे टाके पाडून मशीनला चालणारी डीएसटी फाइल ते देते. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबली. असे कित्येक जुने संगणक भंगारात न घालता त्यांवर लिनक्स मिंट चालवता येते.

मग हे आमच्या बाजारात का दिसत नाही? किंमत हे कारण नव्हे. चोरीची प्रतही फुकटच मिळते. कारण एवढेच की आमचा ऑपरेटर ज्या क्लासात शिकला तिथे त्याला एकच हत्यार दाखवले गेले. कारागिरी उस्तादाच्या हाताखाली शिकली जाते आणि शागीर्द उस्तादाचेच हत्यार उचलतो. आज मुलांचा उस्ताद मोबाइलवरचा व्हिडिओ झाला आहे, आणि त्यातले कित्येक उस्ताद कुलूप कसे तोडावे हेच शिकवतात.

मुंबईच्या आयआयटीने या बाबतीत पायवाट पाडून ठेवली आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तेथे 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प उभा राहिला. दहा-दहा मिनिटांचे पाठ, पडद्यावर काम चाललेले, आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. लिब्रेऑफिस, गिंप, इंकस्केप सर्व त्यात आहे. काम थोर आहे. पण ते बेतले आहे विद्यार्थ्यांसाठी. आमच्या भरतकामवाल्याला जाळीदार कापडावर टाके किती दाट ठेवावेत, हे त्या पाठात कुठून येणार?

ते दाखवू शकेल तो आमच्याच मोहल्ल्यातला मुलगा, जो आज शिलाई किंवा मोबाइल दुरुस्ती मराठीतून किंवा कारखान्यातल्या उर्दू-मराठी मिसळीच्या बोलीत दाखवतो. बोलण्याची हातोटी त्याच्याकडे आहे, फक्त त्याला विषय, अडचणी सांगणारा धंदेवाला आणि मेहनताना हवा. फुकट काम करायला लावू नये. आमच्या व्यापारी संघटना वार्षिक जलशांवर आणि हारतुऱ्यांवर जो खर्च करतात त्याचा छोटा हिस्सा यात घालावा. प्रत्येक व्हिडिओ अगोदर दोन कारागिरांना दाखवावा. त्यांना काम जमले तरच पैसे द्यावेत. आणि अट घालावी की व्हिडिओही मुक्त परवान्याखाली राहील, म्हणजे मालेगावच्या मुलाने केलेला पाठ सोलापूरचा मुलगा आपल्या आवाजात पुन्हा करू शकेल.

खोटी आशाही दाखवू नये. कोरलड्रॉची जुनी फाइल इंकस्केपमध्ये उघडते, पण अक्षरे आणि रंग जागेवर राहतीलच असे नाही. छपाईचे चार रंग फोडण्याची त्याची सोय अपुरी आहे. शेवटचा हात स्क्रायबसमध्ये फिरवावा लागतो. जीएसटीसाठी ईआरपीनेक्स्ट ही मुंबईत तयार झालेली मुक्त प्रणाली आहे, पण लहान किराणा दुकानाला ती जड पडते. अशा दुकानदाराने हिशेबाचे सॉफ्टवेअर सरळ विकत घ्यावे. व्हिडिओत हे दोष झाकले तर पहिल्याच दिवशी अडलेला माणूस पुन्हा पेन ड्राइव्हवाल्याला बोलावील.

पहिल्या पाठाचा विषय आम्ही सुचवतो : सहेरी-इफ्तारचे टाइमटेबल. वेळा लिब्रेऑफिसच्या तक्त्यात, मांडणी इंकस्केपमध्ये, मराठीसाठी मुक्ता आणि उर्दूसाठी नोटो नस्तालिक हे मुक्त टंक, छपाईची प्रत स्क्रायबसमधून. छापखान्याचे कसबी काम एकाच पाठात सारे येते. जो कोणी तो मराठीतून करील त्याने आमच्या छापखान्यात यावे, साचा आम्ही देऊ आणि मेहनतानाही.