बाटली माझी, झाकण कंपनीचं!

मागच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी साडेसहाला न्हाणीघराच्या दारातून हिची हाक आली, "अहो, जरा हे उघडून देता का?" बघतो तर हातात शांपूची नवी बाटली, केस ओले आणि बादलीतलं पाणी निवत चाललेलं. मी पंचाने झाकण पुसलं, जोर लावला. ढिम्म! हिच्या बोटांना संधिवात, माझं मनगट दोन वर्षांपूर्वी पडल्यापासून अधू. शेवटी शेजारच्या अकरावीतल्या मुलाला हाक मारली. त्याने एका झटक्यात झाकण फिरवलं आणि म्हणाला, "आजोबा, यात काय एवढं!"

तो गेल्यावर कळलं की झाकणाखाली अजून एक चंदेरी पापुद्रा आहे, आणि त्याला धरून ओढायला शेपूटच नाही. नखाने होईना म्हणून सुरीचं टोक घातलं. सुरी घसरली आणि अंगठा कापला. तोवर ही अंगाच्या साबणाने केस धुऊन मोकळीसुद्धा झाली होती.

अंगठा दोन दिवसांत बरा झाला, पण मनाला लागलं ते वेगळंच. आंघोळ ही माणसाची अगदी खाजगी गोष्ट. आयुष्यभर आपली आपण केलेली. त्यासाठी आता शेजारच्या पोराला बोलवायचं? तेव्हापासून ही नव्या बाटलीला हात लावत नाही. "मला काही अडत नाही," म्हणते. अडतं, मंडळी. फक्त ती बोलत नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, वय झालं, त्याचा राग बाटलीवर कशाला? यावर माझं एकच उत्तर आहे. वर्गातलं एक पोर नापास झालं तर त्याचा अभ्यास कमी पडला असं म्हणता येतं. अर्धा वर्ग नापास झाला तर प्रश्नपत्रिका तपासावी लागते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठी ओलांडलेले लोक १० कोटींच्या वर होते. एवढ्या मोठ्या वर्गाला नापास करणारी ही प्रश्नपत्रिका कोणी काढली?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो मात्र खरा आहे. १९८२ साली अमेरिकेत शिकागो परिसरात कोणीतरी टायलेनॉल या औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं आणि ७ माणसं मेली. त्यानंतर तिथे औषधांना सील सक्तीचं झालं. भेसळ आपल्याकडेही काही कमी नाही, तेव्हा सील हवंच. पण सीलचं काम काय? आधी कोणी बाटली उघडली असेल तर ते आपल्याला दिसावं, एवढंच! फाटलेला कागदसुद्धा हे काम करतो. त्यासाठी पैलवानाचं मनगट लागायचं कारण नाही. तो चंदेरी पापुद्रा कारखान्यात विजेच्या चुंबकीय क्षेत्राने तापवून तोंडावर चिकटवतात. त्यालाच कडेला एक छोटं शेपूट ठेवता येतं, आणि काही बाटल्यांना ते असतंही. म्हणजे विद्या आहे, इच्छा नाही. ट्रकमध्ये बाटली गळू नये ही कंपनीची काळजी, आणि तिची किंमत मोजायची आमच्या बोटांनी!

झाकणाचंही तेच. झाकण जेवढं रुंद आणि खाचांचं, तेवढा कमी जोर लागतो, हे सातवीतलं पोरही सांगेल. मग ओल्या, साबणाच्या हातांनी धरायच्या वस्तूला गुळगुळीत, निमुळतं झाकण का? फळीवर देखणं दिसावं म्हणून! पंपाच्या बाटलीवर तो कुठे फिरवायचा हे दाखवणारा बाण असतो, पण पांढऱ्यावर पांढरा. चष्मा काढून आंघोळ करणाऱ्याने तो वाचायचा कसा?

याच अमेरिकेत मुलांच्या हाती औषध लागू नये म्हणून १९७० साली कायदा झाला. १९९५ मध्ये त्याच्या नियमांत सुधारणा झाली. मुलांना न उघडणारं झाकण ५० ते ७० वयाच्या माणसांना उघडता येतं का, हेही तपासायचं ठरलं. जपानमध्ये काओ कंपनीने १९९१ पासून शांपूच्या बाटलीला खाचा पाडल्या, डोळे मिटून केस धुताना किंवा दिसत नसताना ती हाताला ओळखू यावी म्हणून. आणि लांब कशाला जायचं? आमच्या करमाळ्यात कमलाभवानीच्या देवळाजवळ ९६ पायऱ्यांची विहीर आहे. बांधणाऱ्याने पाणी सुरक्षित ठेवलंच, पण माणूस त्या पाण्यापर्यंत पोचणार कसा याचाही विचार केला.

झाकणाला रबरबँड गुंडाळा, ते गरम पाण्यात धरा, हे उपाय आम्हालाही ठाऊक आहेत. पण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूशी कुस्ती आम्ही का खेळावी?

म्हणून मी ठरवलंय. नवी बाटली घेतली की पैसे देऊन दुकानातच उघडायची. नाही उघडली तर दुकानदाराने उघडून द्यायची. त्यालाही कटकट झाली की तो विक्रेत्याच्या कानावर घालेल. बाटलीच्या मागे ग्राहकसेवेचा नंबर असतो, त्यावर मी फोन केला. पोरगी गोड बोलली, तक्रार लिहून घेतली. उत्तर आलं नाही तर सरकारची ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

आणि आमच्या पुण्या-मुंबईच्या मुलांनो, दिवाळीला आलात की सहा महिन्यांच्या बाटल्या उघडून, झाकणं सैल करून ठेवता, त्याचं कौतुक आहे. पण यंदा एक काम जास्तीचं करा. तुम्हीही एकेक फोन त्या कंपन्यांना करा. म्हाताऱ्याचा फोन ते ऐकून घेतात, तुमचा कदाचित मनावर घेतील.

तुमच्या घरी काय अनुभव, जरूर लिहा. ही वाचणार आहे.