घरच्या वाचकासाठी ग्रंथयादी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, ग्रंथालयांची दारे बंद झाली आणि अनेक महाविद्यालयांनी घरबसल्या वाचनासाठी उपयुक्त अशा संकेतस्थळांची एक यादी विद्यार्थ्यांकडे रवाना केली. टाळेबंदी उठली, यादी मात्र टिकून राहिली. नॅशनल डिजिटल लायब्ररी, ई-पीजी पाठशाला, स्वयम्, शोधगंगा, एन-लिस्ट ही नावे थोड्याफार फरकाने सर्वत्र सारख्याच क्रमाने आढळतात. ही साधने मोलाची आहेत याविषयी दुमत नाही. आमची हरकत आहे ती या यादीला ‘वाचनसूचना’ म्हणण्याला. दुव्यांची ही यादी म्हणजे ग्रंथालयांचे पत्ते आहेत. त्या ग्रंथालयांत शिरून मराठीच्या विद्यार्थ्याने कोणता ग्रंथ हाती घ्यावा, याबाबत ती काहीच बोलत नाही.

हे मौन मराठीच्या विद्यार्थ्याला विशेष महाग पडते. एन-लिस्टद्वारे महाविद्यालयांना मिळणारी नियतकालिके आणि ग्रंथ बहुतांश इंग्रजी आहेत. शोधगंगेवर प्रबंध आहेत. परंतु मूळ कादंबरी न वाचता तिच्यावरील प्रबंध वाचायची सवय लावणारी वाट आम्हांला धोक्याची वाटते. मराठी ग्रंथांचा मोठा साठा आहे तो इंटरनेट अर्काइव्हवर. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात छायांकित झालेल्या असंख्य ग्रंथांच्या प्रती तेथे आहेत. मात्र त्यांची शीर्षके रोमन लिपीत, मनास येईल तशा वर्णलेखनाने नोंदलेली आहेत. ग्रंथ ठाऊक असणाऱ्याला तो तेथे सापडतो. ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने तो तेथे असून नसल्यासारखाच.

ग्रंथ असणे आणि तो वाचकापर्यंत पोहोचणे यांतील अंतर आपल्या वाङ्मयेतिहासाला नवे नाही. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घेतली. त्यानंतर दीर्घकाळ ते अभ्यासकांच्या नजरेआड राहिले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ते चर्चेत आणि पुढे अभ्यासक्रमांत आले. कोणीतरी जाणकाराने बोट दाखवावे लागते, तेव्हा ग्रंथ जिवंत होतो. महाजालावर लक्षावधी ग्रंथ आल्याने ही गरज संपली, असे मानणे भाबडेपणाचे आहे. उलट ती वाढली आहे.

मग वाचनसूचना कशी असावी? एकच उदाहरण घेऊ. एकोणिसाव्या शतकातील विधवेचे जीवन आणि मराठी गद्य हा विषय एखाद्या विद्यार्थिनीला घरी बसून अभ्यासायचा आहे. आम्ही तिला तीनच ग्रंथ सुचवू, तेही क्रमाने. प्रथम बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७). येथे विधवांची दुःस्थिती एका प्रवासाच्या ओघात, मिशनरी सुधारकाच्या नजरेतून दिसते. त्यानंतर ‘स्त्रीपुरुषतुलना’. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेच्या खटल्यावरून उसळलेल्या निंदेला दिलेले ते उत्तर आहे, आणि येथे स्त्री स्वतःच्या आवाजात पुरुषांना जाब विचारते. अखेरीस हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’. तेथे पुरुष लेखकाने यमूला प्रथमपुरुषी निवेदन करायला लावले आहे. ताराबाईंचा त्वेष कानांत असताना यमूचे सोसणे वाचले, की निवेदकाच्या निवडीचा प्रश्न पाठ्यपुस्तकी न राहता टोचू लागतो. हे तिन्ही ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. कोणतेही शोधयंत्र हा क्रम लावून देणार नाही. तो लावणे हे अध्यापकाचे काम आहे.

त्याच सूचनेत दोन-चार ओळींची व्यावहारिक माहितीही हवी. जुन्या आवृत्तीत अनुच्चारित अनुस्वार भरपूर असतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतरच्या मराठीवर वाढलेला विद्यार्थी तेथे अडखळतो. त्याला हे आधीच सांगावे. ‘लक्षात’, ‘लक्षांत’ आणि ‘लक्ष्यांत’ अशी तिन्ही रूपे देऊन शोध घ्यावा लागतो, हेही सांगावे. अडलेल्या शब्दासाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शोधता येतात. संदर्भासाठी मराठी विश्वकोश आहे, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने विनामूल्य उतरवून घेता येतात. प्रत कोणत्या आवृत्तीची, पाने गळलेली आहेत काय, धारिका भ्रमणध्वनीवर उघडण्याइतकी हलकी आहे काय, या गोष्टी ग्रंथपालाने पाहून नोंदवाव्यात. घरचा वाचक बहुधा हातातल्या छोट्या पडद्यावरच वाचत असतो.

आता यादीची सर्वांत अवघड बाजू. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांचे लेखन २०१७ पासून मुक्त झाले. जी. ए. कुलकर्णी १९८७ मध्ये गेले. त्यांच्या कथा २०४७ च्या अखेरीपर्यंत संरक्षित राहतील. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’साठी (१९७२) तर २०७४ उलटावे लागेल. याचा अर्थ स्पष्ट आहे. केवळ विनामूल्य दुव्यांवर अवलंबून राहणाऱ्या विद्यार्थ्याचे मराठी साहित्य मर्ढेकरांच्या आसपास संपते. साठोत्तरी कथा, लघुनियतकालिकांची चळवळ, दलित कविता यांतील बहुतेक सारे त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतच नाही. येते ते चोरून छायांकित केलेल्या, पाने उलटसुलट झालेल्या धारिकांतून. ग्रंथालयाने या धारिकांकडे काणाडोळा करणे जितके गैर, तितकेच त्या ग्रंथांविषयी गप्प बसणेही गैर.

म्हणून यादीत एक स्वतंत्र भाग हवा: महाजालावर न मिळणारे, तरीही वाचलेच पाहिजेत असे ग्रंथ. त्यापुढे आपल्या ग्रंथालयातील वर्गांक, प्रकाशक, आणि घरच्या माणसाकरवी ग्रंथ नेण्याची सोय असल्यास तिची माहिती द्यावी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगावच्या ग्रंथालयांना शासनमान्यता आणि अनुदानाचा आधार दिला. तालुक्याच्या ग्रंथालयात अमुक ग्रंथ मिळेल, एवढे विचारून कळवणे महाविद्यालयाला अशक्य नाही. बहिःस्थ परीक्षा देणारी, संसार सांभाळून एम. ए. करणारी विद्यार्थिनी त्या एका ओळीवर ग्रंथापर्यंत पोहोचू शकते.

अशा यादीने विद्यार्थी पंगू होतो, त्याने स्वतः शोधायला शिकावे, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेपात तथ्य आहे. परंतु शोधण्याची कला ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे त्याला आपसूक येते, इतरांना ती शिकवावी लागते. दहा ग्रंथ नीट वाचलेला विद्यार्थी अकरावा स्वतः शोधतो. हजार ग्रंथांसमोर एकटा उभा केलेला विद्यार्थी अखेर तयार मार्गदर्शकाकडे वळतो, आणि मग आपण त्यालाच दोष देतो.

या कामाला वेळ लागतो, आणि त्याची नोंद कोठेही होत नाही, हेही खरे. नॅकच्या अहवालात ई-नियतकालिकांची वर्गणी, दूरस्थ प्रवेश, वापराचे प्रमाण या गोष्टी विचारल्या जात आल्या आहेत. दुव्यांची यादी तेथे शोभून दिसते. कोणी काय वाचले आणि ते का सुचवले होते, याला त्या तक्त्यात रकाना नाही. शि. रा. रंगनाथन स्वतः आधी गणिताचे अध्यापक होते. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत वाचकाचा वेळ वाचवावा असा एक नियम आहे. आपल्या याद्या मात्र ग्रंथालयाचा वेळ वाचवतात आणि वाचकाचा खर्ची घालतात.

आमची सूचना लहान आहे. येत्या सत्रापूर्वी मराठी विभागाने आणि ग्रंथपालांनी एकत्र बसून एकाच अभ्यासपत्रिकेसाठी दहा ग्रंथांची यादी करावी. प्रत्येक ग्रंथापुढे तो का वाचावा, कोणती प्रत घ्यावी, ती कोठे मिळेल आणि त्यानंतर काय वाचावे, एवढेच लिहावे. सुचवणाऱ्या अध्यापकाचे नाव खाली असावे, म्हणजे वाचकाला कोणाशी वाद घालायचा ते कळेल. वर्षाअखेर वाचकांना विचारून दोन ग्रंथ काढावेत, दोन घालावेत. अशा चार याद्या चार महाविद्यालयांनी केल्या आणि एकमेकांना दिल्या, तरी घरी बसलेल्या वाचकाच्या हाती आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक पडेल.