१०८ ला फोन लावताना आधी तालुका सांगा

धरणगाव तालुक्यातील बंधू-भगिनींनो,

हे पत्रक आजच घरात मोठ्याने वाचून दाखवा. शाळकरी लेकरांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर नक्कीच, कारण दिवसभर सगळे शेतात असताना घरात तीच असतात.

कपाशीत साप चावला, फवारणी करताना कुणी चक्कर येऊन पडलं, महामार्गावर गाडी उलटली, की आपण रुग्णवाहिकेसाठी १०८ लावतो. तो फोन धरणगावच्या सरकारी दवाखान्यात वाजत नाही, जळगावलाही नाही. पुण्याच्या नियंत्रण कक्षात तो उचलला जातो. आपत्कालीन मदतीच्या ११२ चा फोन नवी मुंबईला नाहीतर नागपूरला जातो. तिथे कानाला हेडफोन लावून बसलेल्या ताई-दादांना साऱ्या महाराष्ट्राचा आकांत रात्रंदिवस ऐकावा लागतो. आपलं गाव त्यांनी बहुधा पाहिलेलंही नसतं.

घाबरून आपण नुसतं "नांदेडला या" म्हटलं, तर पुण्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मराठवाडा येतो, आपल्या तालुक्यातलं साळवा-नांदेड येत नाही. पाळधी जामनेर तालुक्यातही आहे. आणि आपल्या पाळधीतही खुर्द वेगळं, बुद्रुक वेगळं. म्हणून पहिलं वाक्य हेच: जिल्हा जळगाव, तालुका धरणगाव, मग गाव, मग खूण. शेतात असाल तर कोणता रस्ता, कोणता फाटा, कुणाची विहीर. महामार्गावर असाल तर गाडी जळगावकडे चालली होती की एरंडोलकडे, तेही सांगा. मोबाइलवरून त्यांना ठिकाणाचा अंदाज येतो, पण शेताचा बांध कळत नाही.

ते प्रश्न विचारतात तेव्हा कृपा करून चिडू नका. माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, या उत्तरांवरूनच व्हेंटिलेटरची गाडी पाठवायची की साधी, हे ठरतं. "आता ठेवा" असं ते सांगेपर्यंत फोन ठेवू नका. त्यानंतर मात्र तो फोन मोकळा ठेवा! गाडीवरचा चालक किंवा डॉक्टर त्याच नंबरवर रस्ता विचारतात, आणि आपण नेमके तेव्हाच मामा-काकांना कळवत बसतो. नातेवाइकांना दुसऱ्या फोनवरून सांगा. एक जण फाट्यावर उभा करा. रात्र असेल तर मोटारसायकलचा दिवा चालू ठेवून.

रुग्णाला खासगी गाडीतून नेलंत, तर १०८ ला लगेच तसं कळवा. तुमच्या गावाकडे निघालेली ती गाडी दुसऱ्या गावातल्या कुणासाठी तरी वळवता येईल.

गंमत म्हणून ११२ लावणाऱ्या पोरांना आईबापांनीच आवरायला हवं. त्या मिनिटाला दुसरीकडे कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो.

आज संध्याकाळी एवढं कराच: गाव, खुर्द की बुद्रुक, तालुका, जिल्हा आणि जवळची खूण असा आपला पूर्ण पत्ता ठळक अक्षरांत लिहून दाराजवळच्या भिंतीवर चिकटवा. खाली १०८ आणि ११२ लिहा. ज्या शेजाऱ्याला लिहिता येत नाही, त्याच्या घरीही लावून या.