नवस आणि नाते

आषाढी एकादशीला पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाची रांग मंदिरापासून कुठल्या कुठे पोहोचलेली असते. त्या लाखोंच्या मेळ्यात असे असंख्य वारकरी असतात, जे रांगेकडे वळतही नाहीत. चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीला वंदन, कळसाला हात जोडणे, आणि लगेच परतीची वाट. आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आलेल्या माणसाला मूर्ती दिसली नाही, तरी आपली वारी वाया गेली असे त्याला वाटत नाही. व्यवहाराच्या कोणत्या गणितात हे बसावे?

एरवी देवाकडे जाण्याची आपली रीत बरीचशी व्यवहाराचीच झाली आहे. परीक्षा, नोकरी, बढती, घर; प्रत्येकासाठी वेगळे देवस्थान, वेगळा नवस. पैसे मोजून लवकर दर्शन मिळाले की आपण कृतार्थ! आजारी मुलासाठी पदर पसरणाऱ्या मातेची कुचेष्टा करण्याचे पातक आम्ही करणार नाही. आर्ताची हाक हीदेखील भक्तीच आहे. परंतु मागणी पुरी होताच संपणारा संबंध हा करार झाला, नाते नव्हे. करारात समाधान नसते, कारण एक मागणी सरते तोच दुसरी उभी राहते. वारकऱ्याने विठ्ठलाला ‘माउली’ म्हटले आणि पंढरीला माहेर. माहेरी काय मिळणार याचा हिशेब करून कोणती लेक निघते?

या नात्याची कसोटी देहूच्या तुकोबारायांनी दिली. 1630च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. घरची सावकारी आणि व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली; ही कथा त्यांनी स्वतःच अभंगातून सांगितली आहे. नवसाच्या हिशेबाने पाहिले तर देवाशी संबंध तोडण्याचीच ती वेळ होती. तुकोबांनी मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर बांधायला घेतले. वडिलोपार्जित कर्जखतांपैकी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची त्याला देऊन आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे चरित्रकार सांगतात. दुष्काळाने खचलेल्या कुळांवरचे ते ऋण होते. ईश्वराशी जडलेल्या नात्याचा पहिला लाभ ऋणकोंच्या पदरी पडला, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

अशा समाधानाने माणूस निष्क्रिय होतो, हा आक्षेप जुना आहे. त्याला उत्तर पंढरपूरच्या महाद्वारातच आहे. तेथे चोखोबांची समाधी आहे. ज्यांना हयातभर मंदिरात पाऊल टाकू दिले नाही, त्या चोखोबांचे विठ्ठलाशी असलेले नाते दाराबाहेरही अभंग राहिले. पण म्हणून ते दार बंद ठेवणारे निर्दोष ठरत नाहीत. मे 1947मध्ये साने गुरुजींनी याच पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा ते दार हरिजनांसाठी उघडले. माउली माझी आहे असे म्हणणाऱ्याला ती दुसऱ्याचीही आहे हे मान्य करावेच लागते. तेवढे सोसत नसेल, तर त्याचे समाधान म्हणजे केवळ आत्मरंजन.

2020 साली महामारीमुळे मंदिराची दारे सर्वांनाच बंद झाली. आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या; वारकरी घरीच राहिले. डोळे पाणावले, पण ज्यांचे नाते खरे होते त्यांचा नेम चुकला नाही. घराघरांत हरिपाठ झाला, तुळशीपुढे टाळ वाजले, एकादशीचा उपवास घडला. दिवाळीच्या पाडव्याला मंदिरे उघडली. पुढल्या आषाढीलाही पायी वारी झाली नाही. 2022 साली पालख्या पुन्हा पायी निघाल्या, तेव्हा दिंड्यांतून तीच माणसे परत चालू लागली; देवाने दोन वर्षे दर्शन का दिले नाही, याचा जाब न विचारता.