फोनो प्रीअँप आणि पाठनिष्ठा

घरात टर्नटेबल आणू पाहणारा रसिक सुईची चिकित्सा करतो, स्पीकरची करतो. या दोहोंच्या मध्ये बसणाऱ्या फोनो प्रीअँपकडे मात्र तो आवाज वाढवणारी एक पेटी म्हणूनच पाहतो. आम्हांला ही उपेक्षा मान्य नाही. प्रीअँपची निवड हा वस्तुतः पाठचिकित्सेचा प्रश्न आहे.

तबकडीवर गाणे जसेच्या तसे कोरलेले नसते. खालचे स्वर पूर्ण बळाने कोरले तर खाच शेजारच्या खाचेत शिरेल. वरचे स्वर क्षीण राहिले तर ते खरखरीत बुडतील. म्हणून कोरताना खालची बाजू दाबतात, वरची उचलतात. वाजवताना याच्या नेमके उलट करणे, हे प्रीअँपचे खरे कार्य. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाने १९५४ साली त्यासाठी जो वक्र प्रमाण मानला, तो 'आरआयएए' या नावाने ओळखला जातो. त्यानुसार २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबलची वाढ आणि २०,००० हर्ट्झला जवळपास तितकीच घट होते. तबकडी 'थेट' ऐकणे असे काही नसतेच. आपण नेहमी कोणीतरी संपादित केलेली प्रत ऐकत असतो.

हा संपादक कसा असावा? प्रथम, तो मूळ संहितेला अनुरूप हवा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देते. त्याला ४० डेसिबलच्या आसपासची वाढ आणि ४७ किलोओहमचा भार पुरतो. कमी क्षमतेच्या मूव्हिंग कॉइलला ६० डेसिबलच्या आसपास वाढ लागते. दुसरे, तो निःस्वार्थ हवा. 'उबदार' आवाजाची जाहिरात करणारा प्रीअँप म्हणजे ज्ञानेश्वरीत स्वतःच्या ओव्या घुसडणारा लेखनिक. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच प्रक्षेपांपासून.

तिसरा मुद्दा आम्हांला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. ७८ फेऱ्यांच्या बहुसंख्य तबकड्या १९५४ पूर्वीच्या आहेत. अब्दुल करीम खाँ यांची विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली मुद्रणे भोंग्यासमोरची. तिथे विद्युत्-वक्र मुळी नव्हताच. त्यांची १९३० नंतरची मुद्रणे मायक्रोफोनसमोरची, आणि त्या काळी कंपनीगणिक वक्र बदलत असे. या दोहोंना सरसकट आरआयएए लावला तर वरची बाजू नको तितकी दबते; शब्दांतल्या व्यंजनांची धार बोथट होते. मग 'जुने गायक शब्द गिळत' असा निष्कर्ष काढायला आपण मोकळे! ज्यांच्या संग्रही अशा तबकड्या आहेत त्यांनी रुंद खाचेची सुई तर घ्यावीच, पण वक्र बदलता येणारा प्रीअँपही घ्यावा.

आज घरोघरी जुन्या तबकड्यांचे डिजिटायझेशन चालू आहे. काम झाले की तबकडी भंगारात जाते आणि फाइल उरते. पुढच्या अभ्यासकाच्या हाती मग तीच एकमेव प्रत. ती कोणत्या वक्राने उतरवली याची नोंद तिच्यासोबत नसेल, तर त्याला चूक दुरुस्त करण्याचा मार्गच राहत नाही. पाठभेद न नोंदवणाऱ्या संपादकाला आपण वर्गात क्षमा करत नाही. घरातल्या या छोट्या पेटीलाही तोच न्याय लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.