फुकटची शेवळं

पहिला पाऊस पडला की आमच्या मोहोपाड्याच्या बाजारात शेवळं येतात. परवा एक कातकरी बाई जुड्या घेऊन बसली होती. जुडी तीस रुपये, सोबत काकडं. माझ्या पुढचे गृहस्थ म्हणाले, "जंगलात फुकट तर मिळतात, वीसला दे." तिने दिली. मग माझ्याकडे बघून हसली, "बाई, तुम्हालाही वीसलाच." माझी जुनी विद्यार्थिनी निघाली! आणि मी मुकाट्याने वीसच दिले.

मंडळी, मी वर्षानुवर्षे मुलांना नफा-तोटा शिकवला. विक्री किंमत वजा खरेदी किंमत म्हणजे नफा. त्या हिशोबाने तिची खरेदी शून्य, म्हणजे वीसच्या वीस रुपये नफाच की! पण पहाटे उठून माणिकगडाकडचं रान तुडवणं, चिखलात वाकून एकेक कोंब खुडणं, डोक्यावरचं ओझं, संध्याकाळी उरलेला माल वाया जाणं, हे आपण कोणत्या रकान्यात मांडतो? आणि 'फुकट' कसलं? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली आहे. माल तिचा आहे.

कुणी म्हणेल, घासाघीस चालायचीच, त्याही चढवूनच सांगतात. अहो, आपण पाडून मागणार हे ठाऊक असतं म्हणून सांगतात! घासाघीस बरोबरीच्या माणसांत शोभते. तिला आजच विकायचं असतं, आपल्याला उद्याही चालतं. ही कसली बरोबरी?

माझी नात लंडनहून 'फेअरट्रेड'चा शिक्का असलेली कॉफी आणते. असा पहिला शिक्का १९८८ मध्ये हॉलंडमध्ये मेक्सिकोच्या छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीवर लागला. बाजार कोसळला तरी ठरलेल्या भावाखाली जायचं नाही, वर थोडी जादा रक्कम, आणि ती कशावर खर्चायची ते शेतकऱ्यांनीच ठरवायचं. यात दान कुठेच नाही. त्या पाकिटाचं आम्ही घरभर कौतुक केलं. मॉलमध्ये छापील किंमत निमूट देतो. पेणच्या गणपतीच्या मूर्तीसाठी आणि बुरुडाच्या सुपासाठी मात्र आपली जीभ सैल सुटते.

पुढच्या बाजारी मी राहिलेले दहा रुपये तिच्यापुढे धरले. "राहू द्या बाई," म्हणाली. मी दोन जुड्या घेतल्या आणि सत्तर रुपये हातावर ठेवले. माझा हिशोब मिटला. पण इतक्या वर्षांत सगळ्या बाजाराने कापलेले दहा-दहा रुपये कोण परत करणार?